वाचकांचे प्रश्न : चीनमध्ये बाजार आला, मग कुणाचं नशीब उघडलं?

मागच्या अंकात मी चीनमधल्या माझ्या दिवसांबद्दल थोडं लिहिलं होतं, दुभाषी म्हणून आधी यीवूला आणि नंतर शेनयांगला राहिले त्याबद्दल. त्यात एक वाक्य असं होतं की समाजवादी देशात बाजार येतो तेव्हा कोण वर जाणार नि कोण खाली, हे बऱ्याचदा हुशारीवर नाही तर माणूस त्या दिवशी कुठे उभा होता यावर ठरतं. त्या एका वाक्यावरच ढीगभर पत्रं आली, काही चिडून, काही खूप आपुलकीने. सगळी घेता येणार नाहीत, पाच घेतलीत, थोडी कापून.

प्रश्न : नमस्कार ताई, मी लातूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. आमच्या क्लासचे सर म्हणतात की समाजवादी व्यवस्थेत वशिला चालतो, बाजार आला की वशिला संपतो आणि हुशार, कष्टाळू माणूस पुढे जातो. चीन हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणे. तुम्ही तर उलटंच लिहिलंय.

उत्तर : तुझे सर अगदीच चुकीचं सांगत नाहीयेत. १९८९ मध्ये व्हिक्टर नी नावाच्या अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञांनी साधारण हेच मांडलं होतं, की जोवर माल वाटायचा अधिकार सरकारी बाबूकडे आहे तोवर बाबू मोठा, पण माल बाजारात विकला जायला लागला की पिकवणारा, बनवणारा आणि शिकलेला माणूस वर येणार आणि बाबूचा भाव उतरणार. ऐकायला पटतंच. पण पुढे बियान आणि लोगन या दोघांनी थिएनजिन शहरातल्या लोकांची कमाई तपासली, तो अभ्यास १९९६ ला छापून आला, तर त्यात पक्षाचं सदस्यत्व आणि वजनदार सरकारी युनिटमधली नोकरी यांचा फायदा तसाच टिकून होता. त्यावर मग वर्षानुवर्षं वाद चालला.

मला विचारशील तर दोघांचंही खरं आहे, कारण "बाजार आला" ही काही एका दिवसात झालेली गोष्ट नाही. आधी काय होतं ते बघ. शहरात जन्मलास की तुला एक दानवेई मिळायची, म्हणजे तुझी फॅक्टरी किंवा ऑफिस किंवा जे काय असेल ते युनिट, आणि ते नुसता पगार नाही तर राहायला खोली, दवाखाना, पोरांची शाळा, म्हातारपणी पेन्शन असं सगळंच द्यायचं. चिनी लोक याला भाताचा लोखंडी वाडगा म्हणतात, हातातून पडला तरी फुटत नाही असा. खेड्यात जन्मलास तर यातलं काही नाही. आणि तू शहरातला की खेड्यातला हे हुकोउच्या पुस्तकात लिहिलेलं असायचं, आपल्या रेशनकार्डासारखं घरटी एक पुस्तक, १९५८ च्या कायद्याने त्यात शेतकरी आणि बिगरशेतकरी असे दोन भाग पाडलेले. धान्याची कूपनं शहरी पुस्तकावरच मिळायची, त्यामुळे शेतकरी शहरात आला तरी खाणार काय हा प्रश्न. आणि १९९८ पर्यंत हे आईकडून यायचं, म्हणजे बाप शहरात कामगार असला पण आई शेतकरी असली तर मूल शेतकरीच. जन्माने चिकटलेली गोष्ट म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१९७८ च्या डिसेंबरात चीनचे तेव्हाचे सर्वेसर्वा डेंग शियाओपिंग यांनी गाडी बाजाराकडे वळवली आणि त्यानंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत फायदा झाला तो ज्यांना जुन्या व्यवस्थेत काहीच नव्हतं त्यांचा. शेतकऱ्यांना कसायला वेगळी जमीन मिळाली. शहरात ज्यांना कुठलीच दानवेई घ्यायला तयार नव्हती, म्हणजे माओंच्या काळात शहरातून खेड्यात पाठवलेली आणि आता परत आलेली बेकार पोरं, तुरुंगातून सुटलेले लोक, त्यांनी रस्त्यावर हातगाड्या लावल्या, कपडे विकले, केस कापले. यांना गेतिहू म्हणायचे, स्वतंत्र धंदेवाला, आणि तेव्हा कुणी आपली पोरगी गेतिहूला द्यायचं नाही, सरकारी कामगारच हवा. नोकर ठेवायचे तर सातपर्यंत चालतील, आठवा आला की ते शोषण, असा हिशोब होता. आनहुई प्रांतातल्या वूहू शहरात नियान ग्वांगज्यू नावाचे गृहस्थ टरबुजाच्या भाजलेल्या बिया विकायचे, त्यांच्याकडे शंभराच्या वर माणसं कामाला लागली तेव्हा त्यांना पकडायचं की सोडायचं हा विषय थेट डेंग यांच्यापर्यंत गेला आणि ते म्हणाले जरा थांबून बघू. अशा माणसाला तुझ्या सरांचं वाक्य शंभर टक्के लागू पडतं, खिशात वशिला नव्हता, शिक्षण नव्हतं, फक्त हिंमत होती.

पण ऐंशीच्या दशकाच्या मध्याला एक विचित्र गोष्ट सुरू झाली, एकाच मालाला दोन भाव. पोलाद, कोळसा, सिमेंट यांचा एक सरकारी योजनेतला स्वस्त भाव आणि एक बाजारातला महाग भाव. आता ज्याच्या सहीने स्वस्तातलं पोलाद मिळतं त्याने नुसती चिठ्ठी दिली तरी मधला फरक खिशात, मालाला हातसुद्धा लावायचा नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी. लोक यावर प्रचंड चिडले होते, १९८९ ला लोक रस्त्यावर आले त्यामागे महागाईच्या जोडीला हा रागही होता. म्हणजे इथे बाजाराने वशिला संपवला नाही, वशिल्याला रोख भाव दिला, जो आधी कधीच नव्हता.

मग १९९२ च्या जानेवारीत डेंग दक्षिणेच्या दौऱ्यावर गेले, शेंझेनला जाऊन आणखी धीट व्हा म्हणाले, आणि सरकारी नोकरीतले लोक भराभर राजीनामे देऊन धंद्यात उतरले, त्याला चिनीत "समुद्रात उडी" म्हणतात. पण यातल्या बऱ्याच जणांच्या कमरेला दोरी होती, कोणत्या खात्यात कोण बसतो, जमिनीची फाईल कुठे अडते, बँकेचा साहेब कुणाचा वर्गमित्र, हे सगळं माहीत असलेली ही माणसं. गेतिहूंनी उडी मारली तेव्हा खाली पाणी आहे की खडक हेही माहीत नव्हतं.

तेव्हा परीक्षेत हा प्रश्न आला तर कृपा करून साल लिही. कुठल्या साली, कुठल्या गावात, कुणाला, हे लिहिल्याशिवाय "बाजाराने संधी दिली" हे वाक्य अर्धवट आहे.

प्रश्न : मॅडम, मस्जिद बंदरला आमचं खेळणी नि इमिटेशन दागिन्यांचं होलसेलचं दुकान आहे, यीवूला आम्ही कित्येक वर्षं जातोय. एवढं अवाढव्य मार्केट त्या आडगावात कसं काय उभं राहिलं? सरकारने ठरवून केलं का?

उत्तर : दादा, तुमच्यासारख्यांच्या बरोबर त्या मार्केटात चालून चालून माझ्या पायाचे तुकडे पडायचे, ७५ हजारांच्या आसपास गाळे आहेत तिथे, त्यामुळे तुमच्या पत्राने एकदम तिकडेच नेलं.

ठरवून केलं नाही, अडवायचं थांबवलं. यीवूची जमीन लाल आणि नापीक, खत नाही तर पीक नाही. म्हणून तिथले लोक शेकडो वर्षांपासून हिवाळ्यात उसाचा गूळ घेऊन गावोगाव फिरायचे, हातात एक छोटी डुगडुगी वाजवत, आणि गुळाच्या बदल्यात घराघरातून कोंबडीची पिसं घ्यायचे, चांगली पिसं झाडूला आणि बारीक शेतात खताला. आपल्याकडे बोहारणी जुन्या कपड्यांवर भांडी देतात ना, अगदी तस्सं. नंतर गुळाबरोबर सुया, बटणं, रिबिनी आल्या. माओंच्या काळात हा प्रकार म्हणजे सट्टेबाजी, पकडले तर माल जप्त.

१९८२ मध्ये तिथे शे गाओह्वा नावाचे पक्षाचे नवे सेक्रेटरी आले. त्यांच्याकडे एक फेरीवाली बाई थेट जाऊन भांडली की मला धंदा का करू देत नाही, पोरांना काय घालू. ते गृहस्थ ऐकून घेणारे निघाले आणि त्याच वर्षी त्यांनी रस्त्याकडेला बाजार भरवायला उघड परवानगी दिली, वरून आदेश आलेला नसताना. उद्या धोरण फिरलं असतं तर त्यांचीच खुर्ची गेली असती. यीवूत आजही त्यांचं नाव लोक फार मानाने घेतात.

आता यात बघा, यीवू ज्या जच्यांग प्रांतात आहे तिथे केंद्राने मोठे सरकारी कारखाने फारसे घातलेच नव्हते, समोर तैवान, युद्ध झालं तर पहिला फटका इथेच बसणार म्हणून. म्हणजे गमावण्यासारखं काही नव्हतं आणि हातात फेरीची पिढीजात विद्या होती. जो भाग जुन्या व्यवस्थेने वाऱ्यावर सोडला होता तो नव्यात पुढे गेला, आणि जो जुन्या व्यवस्थेचा लाडका होता त्याचं काय झालं ते पुढच्या पत्रात येतंयच.

एक मात्र सांगते. तुम्ही ज्या गाळ्यांवर भाव करता ते गाळेवाले बहुतेक यीवूचे, पण त्या मण्यांची ओवणी, खोकी भरणं, गोदामातलं ओझं, हे करणारी माणसं आनहुई, च्यांगशी, हनान, ग्वेइझोउ अशा लांबच्या प्रांतातली. गाळा पहिल्या लॉटमध्ये मिळालेल्या घरातल्या नातवाला भाड्यावरच आयुष्यभर पुरेल एवढं मिळतं. वीस वर्षांनी आलेल्याला, तो तितकाच कष्टाळू असला तरी, भाडं भरावं लागतं.

प्रश्न : ताई, माझे वडील लालबागच्या गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर ते परत कामावर गेलेच नाहीत. तुम्ही लिहिलंत की शेनयांगमध्ये गिरणगाव आठवलं. पण चीन तर कामगारांचं राज्य ना? तिथे कामगारांना कसं काय काढलं?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

शेनयांगच्या तिएशी भागात, म्हणजे रेल्वेच्या पश्चिमेला, एकेकाळी मैलोन्‌मैल कारखानेच होते, यंत्रं, केबल, ट्रान्सफॉर्मर, ओतकाम. ईशान्येकडच्या या पट्ट्याला प्रजासत्ताकाचा थोरला मुलगा म्हणायचे. देशातल्या पहिल्या सरकारी कारखान्याचं दिवाळं १९८६ साली याच शहरात निघालं, स्फोटरोधक उपकरणांचा छोटा कारखाना होता, तेव्हा लोकांना वाटलं असेल एखादा. मग १९९७ ला पक्षाने ठरवलं, मोठे कारखाने धरून ठेवायचे आणि छोटे सोडून द्यायचे, १९९८ ला झू रोंगजी पंतप्रधान झाले आणि पुढच्या चार-पाच वर्षांत सरकारी आकड्यानुसारच अडीच कोटींहून जास्त कामगार घरी गेले. त्याला बडतर्फ नाही म्हणायचं, शियागांग म्हणायचं, म्हणजे "जागेवरून उतरले". नाव कारखान्याच्या पटावर, काम नाही, तीन वर्षांपर्यंत थोडा भत्ता, आणि मग नोकरीच्या वर्षांचा हिशोब करून एकरकमी पैसे हातात की झालं.

मी ज्यांच्याकडे भाड्याने राहिले त्या बाई यातल्याच. जन्म १९५३ चा. सहा-सात वर्षांच्या असताना तो मोठा दुष्काळ, त्याबद्दल त्या बोलायच्याच नाहीत, फक्त ताटात भात टाकलेला त्यांना चालायचा नाही. तेराव्या वर्षी १९६६ ला माओंची सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि शाळा बंद पडल्या. सोळाव्या वर्षी खेड्यात पाठवलं, शेतकऱ्यांकडून शिका म्हणून, त्या काळात शहरातली पावणेदोन कोटींच्या आसपास मुलं अशी खेड्यात गेली. १९७७ च्या डिसेंबरात अकरा वर्षांनी पहिल्यांदा कॉलेज प्रवेशाची परीक्षा झाली, सत्तावन्न लाख जण बसले आणि पावणेतीन लाखांच्या आसपास घेतले, म्हणजे शंभरात पाचसुद्धा नाहीत. बाईंनी फॉर्म भरला, आणि पेपर हातात आल्यावर, त्या म्हणाल्या, बीजगणिताची ती अक्षरं मी आयुष्यात कधी बघितलीच नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ चार वर्षांनी लहान, त्याच्या वेळी शाळा परत सुरू झालेली, तो पास झाला, पुढे इंजिनीअर झाला. एकाच चुलीवर जेवलेली दोन पोरं, चार वर्षांचं अंतर, आणि तिथून दोन वेगळी आयुष्यं.

मग त्यांच्या आईने मुदतीआधी रिटायरमेंट घेतली आणि आपली जागा लेकीला दिली. तुमच्या गिरणीत वारसाला घ्यायचे ना, तोच प्रकार, तिथे त्याला डिंगथी म्हणायचे, १९८६ ला तो बंद झाला. घरात तीन पोरं बेकार आणि जागा एक, म्हणजे कुणाला द्यायची यावरून भावंडांत कायमचे अबोले झालेली घरं मी पाहिलीत. एकवीस वर्षं त्या लेथवर उभ्या राहिल्या. १९९९ ला सेहेचाळीसाव्या वर्षी उतरवलं. पहिल्या यादीत बायकाच जास्त होत्या, घरी नवरा कमावतोय ना असं म्हणून, आणि पुढच्या वर्षी नवऱ्याचाही कारखाना बंद. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, त्यांच्या बाबतीत तर घर म्हणजेच कारखाना होता, दवाखाना त्याचा, हीटर त्याचा, पोरीच्या शाळेची ओळख त्याची.

त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीत एक पांढरा इनॅमलचा मग होता, टवके उडालेला, त्यावर लाल अक्षरात कारखान्याचं नाव आणि "आदर्श कामगार, १९८८". त्यात त्या पातीचा कांदा लावायच्या. मी एकदा म्हटलं की हा जपून कपाटात ठेवा ना, तर म्हणाल्या कपाटात ठेवून काय करू, कांदा तरी येतो. पुढे बरीच वर्षं त्यांनी सकाळी चौकात वाफवलेले पाव विकले. सरकारने चाळिशीच्या पुढच्या बाया आणि पन्नाशीच्या पुढचे पुरुष यांच्यासाठी वेगळ्या योजना काढल्या होत्या, पण त्या वयात झाडू मारणं, वॉचमन, याच्या पलीकडे फार काही नव्हतं. नव्या कंपन्यांना पस्तिशीच्या आतले हवे होते, तेही दक्षिणेला.

कामगारांचं राज्य असताना कसं काढलं विचारता, तर काढण्याचं कारणही कामगारांच्या राज्याच्या नावानेच सांगितलं गेलं. कारखाने तोट्यात होते हे खरंच होतं, बँका त्यांना कर्जं देऊन देऊन टेकीला आल्या होत्या, मी ते नाकारत नाही. पण त्या कारखान्यांनी तीस-चाळीस वर्षं आपला नफा वर केंद्राकडे पाठवला होता, कामगारांची पेन्शन वेगळी बाजूला काढून ठेवलीच नव्हती कारण लोखंडी वाडगा कधी फुटणार नाही हेच सगळ्यांनी धरून चाललं होतं. पगार कमी, त्या बदल्यात आयुष्यभराची हमी, असा तो सौदा होता. कामगारांनी आपली बाजू पूर्ण केली होती. हे मला आजही बोचतं.

तिएशीत आता टॉवर आणि मॉल आहेत, जुन्या ओतकाम कारखान्याच्या शेडमध्ये औद्योगिक म्युझियम आहे. तुम्हाला ते बघून काय वाटलं असतं याची मला कल्पना आहे.

आणि एक गोष्ट जी लोकांच्या लक्षात येत नाही. त्याच १९९८ साली सरकारने युनिटकडून घर द्यायची पद्धत बंद केली आणि ज्या खोल्यांत लोक राहत होते त्या त्यांनाच नाममात्र किमतीत विकल्या. बाईंनाही त्यांची दोन खोल्यांची जागा मिळाली, म्हणून तर त्या मला एक खोली भाड्याने देऊ शकल्या. आता तशीच जागा बीजिंगच्या एखाद्या मंत्रालयाच्या कॉलनीत ज्याला मिळाली तो पंधरा-वीस वर्षांत करोडपती, काहीही न करता. आणि तशीच जागा हेगांगसारख्या उत्तरेकडच्या कोळशाच्या गावात ज्याला मिळाली त्याची आज एका चांगल्या मोटारीएवढीही किंमत नाही. आणि जो शेतकरी त्याच शहरात विटा वाहत होता त्याला विकत घ्यायला खोलीच नव्हती, कारण तो कुणाच्याच पटावर नव्हता, आणि गावातलं स्वतःचं घर तो शहरातल्या माणसाला विकूही शकत नाही, घराखालची जमीन गावाच्या सामूहिक मालकीची. माझ्या मते पुढच्या पिढीत कोण कुठे पोचलं याचा निम्मा निकाल या एका वर्षाने लावला.

प्रश्न : मी नाशिकची, दोन मुलांची आई. आमच्याकडे डोनेशन, कोटा, क्लास यांनी जीव नकोसा झालाय. चीनमध्ये गाओकाओ ही एकच परीक्षा, गरिबाच्या पोराला पण समान संधी, असं व्हिडिओत बघते. हे तरी खरं ना?

उत्तर : परीक्षा एक आहे, रांगा वेगळ्या आहेत. प्रत्येक प्रांताला जागा ठरवून दिलेल्या असतात आणि बीजिंग-शांघायच्या मोठ्या युनिव्हर्सिट्या आपल्या शहराच्या हुकोउवाल्या पोरांना लोकसंख्येच्या मानाने खूप जास्त जागा देतात. म्हणजे हनानसारख्या मोठ्या प्रांतातल्या पोराला त्याच कॉलेजसाठी किती तरी जास्त पोरांशी झगडावं लागतं. आणि हनानची आई बीजिंगमध्ये पंधरा वर्षं धुणंभांडी करत असली, मूल तिथेच वाढलेलं असलं, तरी कॉलेजच्या परीक्षेला त्याला गावीच परत जावं लागतं, आणि तिथलं पुस्तक वेगळं असतं, मित्र नसतात, आईबाप नसतात. म्हणून पुष्कळ जण पोरांना आधीच गावी आजी-आजोबांकडे ठेवतात. २०१३ मध्ये तिथल्या महिला महासंघाने अशा मागे राहिलेल्या मुलांचा अंदाज ६ कोटींच्या वर दिला होता.

तरी गाओकाओने लाखो गरीब पोरांना वर काढलंय हे मी नाकारणार नाही, मी त्यातल्या कितीतरी जणांबरोबर काम केलंय. १९९९ पासून कॉलेजच्या जागा भराभर वाढवल्या, १९९८ ला वर्षभरात जेमतेम ११ लाख पोरांना कॉलेजात प्रवेश मिळाला आणि २०२४ साली एका वर्षात १ कोटी १७ लाखांहून जास्त पोरं डिग्री घेऊन बाहेर पडली. पण फी सुरू झाली आणि डिग्रीनंतर सरकार नोकरी नेमून द्यायचं ते बंद झालं. २०२३ च्या जूनमध्ये शहरातल्या १६ ते २४ वयाच्या मुलांची बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली होती, त्यानंतर काही महिने आकडा छापणंच थांबवलं आणि मग नवीन पद्धतीने मोजायला लागले. तिथल्या आयाही तुमच्यासारख्याच रात्री जागतात हो. आणि गंमत नाही, खरं सांगते, आता पोरांना परत सरकारी नोकरीच हवीय, लोखंडी वाडगा, त्या परीक्षेला तोबा गर्दी.

प्रश्न : मी सावंतवाडीचा निवृत्त शिक्षक, आयुष्यभर डाव्या चळवळीत होतो. तुमचा लेख वाचून विचारतो, सुधारणा केल्याच नसत्या तर बरं झालं असतं, असं तुमचं मत आहे का?

उत्तर : नाही सर, अजिबात नाही. आनहुई प्रांतातल्या फेंगयांग तालुक्यात शियाओगांग म्हणून गाव आहे, तिथल्या १८ शेतकऱ्यांनी १९७८ च्या हिवाळ्यात रात्री एका खोपटात बसून कागदावर अंगठे उमटवले की कम्यूनची, म्हणजे सामूहिक शेतीची, जमीन आपण गुपचूप घराघरात वाटून घेऊ, आणि यात कुणाला तुरुंग झाला किंवा जीव गेला तर त्याची पोरं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. लोक भीक मागायला बाहेर पडायचे असं ते गाव. माणसं असा कागद करतात तेव्हा आधीची व्यवस्था किती उपाशी ठेवत होती हे कळायला आणखी पुरावा नको. जागतिक बँकेच्या हिशोबाने चाळीस वर्षांत ८० कोटींच्या आसपास लोक दारिद्र्याच्या बाहेर आले. याला कमी लेखायचं पाप मी करणार नाही.

पण क्रम चुकला असं माझं ठाम मत आहे. कम्यून मोडली तेव्हा तिच्याबरोबर गावोगावचे दवाखाने मोडले, सत्तरच्या दशकाच्या शेवटी नव्वद टक्के खेड्यांत सहकारी आरोग्य योजना होती ती काही वर्षांत जवळपास नाहीशी झाली आणि सरकारने नवी योजना आणली ती २००३ मध्ये. मधली वीस वर्षं ज्याच्या घरी दुखणं आलं त्याने म्हैस विकली, घर विकलं, पोरीला शाळेतून काढून शेंझेनच्या फॅक्टरीत पाठवलं. दवाखाना, पेन्शन आणि हुकोउ या तीन गोष्टी आधी सुधारून मग कारखाने बंद केले असते तरी बाजार आलाच असता. पैसा नव्हता म्हणतात, पण त्याच काळात पूर्वेच्या किनाऱ्यावर किती पैसा ओतला गेला हे मी डोळ्यांनी बघितलंय.

यीवूच्या गोदामात माझ्याबरोबर एक मुलगी होती, तिच्या गावी, आनहुईतच, मी २०११ च्या चिनी नववर्षाला गेले होते. घरात आजी आणि दोन नातवंडं, मधली पिढी वर्षातून एकदा दहा दिवस येणारी. त्यांच्या तालुक्यात शेतकऱ्यांची नवी पेन्शन नुकतीच सुरू झालेली, साठीनंतर महिन्याला ५५ युआन, शहरातल्या निवृत्त कामगाराच्या पेन्शनपुढे ते काहीच नाही. मला राग आला होता आणि मी तो बोलूनही दाखवला. आजीने पासबुक आणून मला दाखवलं, तिला वाचता येत नव्हतं, आकडा बरोबर आहे ना एवढंच बघ म्हणाली. मग सांगायला लागली की २००६ ला शेतीचा कर माफ झाला तोवर दर हंगामात ती स्वतः धान्याचं पोतं पाठीवर घेऊन सरकारी कोठारात भरायला जायची, ओलं आहे म्हणून परत पाठवायचे, पुन्हा वाळवून न्यायची. आम्हीच सरकारला देत आलो, म्हणाली, तिकडून इकडे आलेलं मी हे पहिल्यांदाच बघतेय.